आधी गाव विचारा, मग ग्रेड

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की पेनसिल्व्हानियात बँकेच्या खिडकीमागे बसून सव्वीस वर्षं नोटा मोजल्या आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. फक्त आता हातात येतात त्या नोटा माझ्याहून वयानं मोठ्या असतात. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांना या नोटा ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८६३ पासून १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या हजारो बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. बँकेनं सरकारी कर्जरोखे तारण ठेवायचे, त्यांच्या जोरावर सरकार त्या बँकेच्या नावानं नोटा छापून पाठवायचं. नोटेवर बँकेचं नाव, गाव, बँकेच्या प्रेसिडेंटची आणि कॅशियरची सही. प्रत्येक बँकेला एक चार्टर नंबर, म्हणजे सनदेचा क्रमांक. फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला १ मिळाला आणि शेवटी आकडा १४,०००च्या पुढे गेला. संग्राहक या ‘नॅशनल बँक नोटां’ना नुसतं ‘नॅशनल’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, आम्ही ओहायोत जुनं घर घेतलं. तळघरातल्या पत्र्याच्या डब्यात दहा डॉलरची नोट निघाली. वर ‘नॅशनल करन्सी’, तपकिरी शिक्का, सिरीज १९२९, डावीकडे शेजारच्याच गावच्या बँकेचं नाव. मधोमध घडी आहे, एक कोपरा दुमडलेला आहे. जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, ‘धड व्हीएफपण नाही, चाळीस डॉलर देतो.’ व्हीएफ म्हणजे काय? आमच्या नोटेची ग्रेड काय धरायची? फोटो जोडले आहेत.

तुम्ही ग्रेड विचारलीत, मी फोटो उघडला आणि आधी गाव वाचलं. नॅशनलच्या बाबतीत हाच क्रम. इतर अमेरिकन नोटांत एकाच छापाच्या लाखो नोटा असतात, म्हणून त्यांत कोरी कोणती आणि मळकी कोणती यावर भाव ठरतो. इथे प्रत्येक बँक म्हणजे वेगळी नोट. न्यूयॉर्क, शिकागो, पिट्सबर्गच्या बड्या बँकांनी पेट्याच्या पेट्या काढल्या, त्यातल्या भरपूर उरल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकाची, चार्टर १३०४४ची नोट कुठल्याही प्रदर्शनात चार टेबलांवर दिसेल. आणि एखाद्या रेल्वेफाट्यावरच्या बँकेच्या सगळ्या मिळून तीन नोटा जगाला माहीत असतात. त्या तीनही फाटक्या असल्या तर फाटकीच घ्यायला माणसं भांडतात.

तुमच्या नोटेच्या कडेला, डाव्या आणि उजव्या बाजूला, काळ्या शाईत उभा आकडा आहे, तो चार्टर नंबर. तपकिरी सिरियल नंबर पाहा: सुरुवातीला एक अक्षर आणि शेवटीही अक्षर आहे. म्हणजे ही ‘टाइप वन’, १९२९ ते १९३३ या काळातली. ‘टाइप टू’ असती तर शेवटचं अक्षर नसतं आणि चार्टर नंबर सिरियल नंबरच्या बाजूला तपकिरी शाईत आणखी दोनदा छापलेला असता. टाइप वनची एक गंमत आहे. एका कागदावर सहा नोटा छापत आणि सहाही नोटांना एकच आकडा देत, फक्त पहिलं अक्षर ए पासून एफ पर्यंत बदलत. तुमच्या नोटेचा आकडा ०००२१४ आणि अक्षर डी. म्हणजे त्या बँकेच्या दहाच्या नोटांचा दोनशे चौदावा कागद, त्यातली वरून चौथी नोट. तो कागद अख्खाच बँकेत आला आणि कुणीतरी तो तिथे कापला. तुमच्या नोटेची खालची कड वरच्या कडेपेक्षा थोडी रुंद आहे ती त्या कापणाऱ्याच्या हातामुळे. दुकानदारानं ते वैगुण्य म्हणून दाखवलं असेल तर दुर्लक्ष करा.

आता उरल्या किती हा प्रश्न. यासाठी संग्राहकांनी वर्षानुवर्षं खपून नोंदी ठेवल्या आहेत: कुठल्या बँकेच्या, कुठल्या किमतीच्या, कुठल्या सिरियल नंबरच्या नोटा लिलावात किंवा संग्रहात दिसल्या. नॅशनल करन्सी फाउंडेशनची अशी गणना आहे, पेपर मनी जमवणाऱ्यांची एसपीएमसी ही जुनी संस्थाही बँकांची माहिती ठेवते. मी तुमचा चार्टर नंबर शोधला. त्या बँकेच्या छोट्या आकाराच्या, म्हणजे १९२९ सिरीजच्या (त्याआधीच्या नोटा आकारानं मोठ्या असत), चारच नोटा नोंदलेल्या आहेत, तुमची त्यात नाही. म्हणजे तुमची पाचवी. गावाचं नाव मी इथे छापत नाही, तुम्हीही सगळ्यांना सांगत सुटू नका.

ग्रेड विचारलीतच, तर सांगते. मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, २० ते ३५. मधली घडी, आणखी दोन आडव्या-उभ्या घड्या, कागदात अजून थोडा ताठपणा, मळ फक्त घडीच्या रेषेत. फोटोवरून तुमची मला २० किंवा २५ वाटते. त्याच्या खाली एफ, म्हणजे फाइन, १२ आणि १५. समजा प्रत्यक्ष हातात घेतल्यावर १५ निघाली, तरी या बँकेच्या बाबतीत भावात फार मोठी दरी पडणार नाही. चारच्या जागी चाळीस नोटा असत्या तर मात्र पडली असती.

किंमत मी आकड्यात सांगणार नाही, नोट हातात नाही. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल पाहता येतात. हेरिटेज आणि स्टॅक्स बोवर्स दोघांकडेही जुन्या लिलावांचे फोटो आणि विक्रीचे आकडे आहेत. तुमच्याच बँकेची नोट शेवटची कधी विकली गेली ते शोधा. तशी सापडली नाही तर त्याच काउंटीतल्या, तेवढ्याच दुर्मिळ बँकेची पाहा. तिथल्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं, हे लक्षात ठेवून मनातल्या मनात काटछाट करा. आणि चाळीस डॉलरचं म्हणाल, तर शिकागोची अगदी सरसकट मिळणारी, तुमच्याएवढीच वापरलेली दहाची नॅशनल चाळीसला मिळत असेल तर मी दोन घेईन.

माझ्याकडेही १९२९ची, तपकिरी शिक्क्याची वीस डॉलरची आहे. ‘फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ शिकागो’ असं लिहिलंय आणि ठळक काळं ‘जी’ आहे. चार्टर नंबर कुठे सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ही नॅशनल नव्हेच. ही फेडरल रिझर्व्ह बँक नोट. दिसायला सख्खी बहीण: तोच तपकिरी रंग, वर तेच ‘नॅशनल करन्सी’. पण काढणारी गावची बँक नाही, बारा फेडरल रिझर्व्ह बँकांपैकी एक, आणि ‘जी’ हे शिकागोचं अक्षर. इथे मात्र ग्रेडच पाहायची. मला दर महिन्याला अशी दोन पत्रं येतात, तेव्हा लाजू नका.

वडिलांच्या वस्तूंत १९०२ सिरीजची पाच डॉलरची मोठी नोट मिळाली. मळलेली आहे, मधे तेलकट डाग आहे. पाण्यात सौम्य साबण घालून अलगद धुतली आणि मग सुती फडक्याखाली इस्त्री केली तर ग्रेड वाढेल का? इंटरनेटवर असं करताना दाखवतात.

नको. हात जोडते, नको.

माझीच गोष्ट सांगते. नुकतीच निवृत्त झाले होते, डोक्यात नॅशनलचं वेड शिरलं होतं. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे मला वेस्ट व्हर्जिनियातल्या एका बँकेची १९०२ची दहा डॉलरची नोट दिसली, मॅकिन्लीचं चित्र असलेली. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘एक्सएफ’. म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, ४०च्या पुढची. नोट सपाट, पांढरीशुभ्र, घडी दिसत नव्हती. मी तीनशे वीस डॉलर मोजले. आयुष्यभर खिडकीवर खोट्या नोटा ओळखल्या, तर मला कोण फसवणार, असा तोरा होता.

घरी आले. रात्री टेबलावरचा दिवा लावताना नोट दिव्याच्या बाजूला, जवळजवळ आडवी धरली गेली. आणि त्या सपाट कागदावर रेषा उमटल्या: मधोमध एक उभी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक, आडवी एक. विस्तवावर धरल्यावर लिंबाच्या रसाची अक्षरं दिसतात ना, तशा. नोट कधीकाळी आठ पदरी घडी होऊन कुणाच्या पाकिटात वर्षानुवर्षं होती. घड्या दाबून काढल्या होत्या, पण घडीवर कागदाचे तंतू तुटतात, ते परत जुळत नाहीत. मग नोट उलटी केली आणि बोट फिरवलं. या नोटा खोदलेल्या पत्र्यावरून प्रचंड दाब देऊन छापत, त्यामुळे शाई पुढून उठून येते आणि मागून चित्राचा हलका खड्डा लागतो. बँकेत बसणाऱ्याच्या बोटांना तो आपोआप कळतो. या नोटेला मागून काहीच लागेना, कागद पत्रकासारखा गुळगुळीत झाला होता. शेवटची खात्री म्हणून अतिनील दिवा लावला. त्या काळचा कागद त्या दिव्याखाली निस्तेज राहायला हवा. माझी नोट निळसर उजळली. आजकालच्या साबणात कपडे पांढरे दिसावेत म्हणून जो पदार्थ असतो, तो कागदात मुरला होता.

ग्रेड ठरवून देणाऱ्या कंपनीकडे पाठवली तेव्हा २५ आला आणि मागच्या लेबलवर बारीक ओळ: ‘धुतलेली, दाबलेली’. दाबायच्या आधी तीच नोट प्रामाणिक २५ असणार, शिवाय शेऱ्याशिवाय. विक्रेत्यानं स्वतः केलं की त्याला कुणी तशी विकली, देव जाणे. मी ती नोट विकली नाही, शिकवायला ठेवली आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या हौशी माणसाला आधी तीच दाखवते.

तेव्हा तुमच्या नोटेचा तेलकट डाग तसाच राहू दे. साबण नको, खोडरबर नको, इस्त्री तर नकोच, आणि फाटलेल्या कडेला चिकटपट्टीही नको. चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडते आणि कागदाचं कातडं सोलून घेऊन निघते. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतही ठेवू नका, त्यातून तेलकट वाफ सुटते. मायलारचं कडक पाकीट घ्या. लॅमिनेशनची कल्पना कुणी सुचवली तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा.

सह्या उडून गेल्या आहेत, अगदी पुसट तपकिरी रेघा उरल्यात. वरून फाउंटन पेननं गिरवू का? नाव वाचता येतंय.

गिरवलीत तर ती तुमची सही होईल, त्या कॅशियरची नाही, आणि शेरा बसेल तो वेगळाच. मोठ्या आकाराच्या नोटांवर हातानं सह्या करत, काही बँका रबरी शिक्का मारत, काहींनी खोदूनच घेतल्या. हाताची शाई विटते, शिक्क्याची तर पारच उडते. पुसट सही हा त्या नोटांचा स्वभावच आहे, खरेदीदार ते समजून असतात. स्पष्ट पेनसही असली तर मात्र चार पैसे जास्त देतात, मीही देते.

इलिनॉयमधल्या बँकेची पाचची मोठी नोट. पुढे बेंजामिन हॅरिसन, निळा शिक्का, ‘सिरीज १९०२’ आणि खाली तारीख १९०५. म्हणजे ही १९०५ साली छापलेली ना? मग लाल शिक्क्याच्या नोटांइतकी जुनी आणि महाग असायला हवी. विकणारा मात्र साधी म्हणतोय.

विकणारा बरोबर आहे. हा प्रश्न मला फार आवडला, कारण नोटच उत्तर देते, फक्त क्रमानं वाचायची.

पुढची तारीख छपाईची नसते, त्या बँकेच्या छापाच्या पत्र्याची असते. बँकेची सनद झाली किंवा मुदत वाढली त्या सुमाराची. मग त्याच पत्र्यावरून वर्षानुवर्षं छपाई चालत राहते. सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्याही त्या तारखेशी बांधलेल्या, त्यामुळे ती माणसं खुर्चीवरून गेल्यावरही त्यांच्या सह्या छापल्या जात. आता रंग बघा. १९०२ सिरीज आधी लाल शिक्क्याची होती, १९०८ पर्यंत. तुमचा निळा, म्हणजे १९०८ नंतरची. १९०८ सालच्या कायद्यानं बँकांना कर्जरोख्यांशिवाय इतर तारणावरही नोटा काढायची मुभा दिली, तेव्हा निळ्या शिक्क्याच्या नोटांच्या पाठीवर ‘१९०२–१९०८’ असे आकडे आले. तुमच्या नोटेच्या पाठीवर ते नाहीत. म्हणजे ही त्यानंतरची, ‘प्लेन बॅक’, १९१५ पासूनची.

आणखी पुढे जाता येतं. तुमच्या फोटोत चार्टर नंबरच्या बाजूला ‘एम’ हे अक्षर आहे, मध्य-पश्चिमेचं. वॉशिंग्टनमध्ये परत आलेल्या नोटा लवकर निवडता याव्यात म्हणून प्रदेशवार अक्षरं छापत, ती १९२४च्या सुमाराला बंद झाली. आणि नोटेवरचे दोन सिरियल नंबर वेगवेगळे आहेत: एक सरकारचा, एक बँकेचा. १९२५ पासून सरकारी आकडा गेला आणि बँकेचाच दोनदा छापू लागले. सगळं जुळवलं तर तुमची नोट साधारण १९१५ ते १९२४ मधली. तारीख १९०५, वय मात्र दहा ते एकोणीस वर्षांनी लहान.

लाल शिक्क्याची असती तर महाग, हे खरंय. कारण तो काळ छोटा होता. तरी परत तेच सांगते, आधी गाव. तुमचं गाव मी पाहिलं, तिथे चार नॅशनल बँका होत्या आणि ही सगळ्यात मोठी. साधीच आहे. पण चित्र सुरेख उतरलंय, घ्यायची असेल तर आवडीनं घ्या.

दोन नोटांमध्ये अडकलोय, दोन्ही १९२९च्या, दहा डॉलरच्या, दोन्ही पीएमजी या ग्रेडिंग कंपनीच्या प्लास्टिकमधल्या. एक शिकागोची, ६४ ईपीक्यू. दुसरी आयोवातल्या एका खेड्याची, व्हीजी (व्हेरी गुड) १०, कडेला छोटी फाट. किंमत जवळजवळ सारखी. कुठली घेऊ? आणि ६४ आणि १० मधला फरक डोळ्यांना कसा दिसतो?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो जास्त उपयोगाचा आहे.

नोट डोळ्यासमोर सरळ धरून काही कळत नाही. खिडकीशी जा, नोट जमिनीला समांतर धरा आणि हळूहळू कलवत न्या. घडी असली की प्रकाश तिथे अडखळतो. आता बघा, ती घडी आहे की नुसती वाक? वाक म्हणजे कागद वळला, पण मोडला नाही, प्रकाशाची रेषा मऊ येते. घडीत कागद मोडतो, रेषा चाकूनं ओढल्यासारखी. ६०च्या पुढच्या नोटेत एकही घडी चालत नाही, ५८ किंवा ५५ला मधे एक हलकी चालते. ४० आणि ४५ला दोन-तीन. त्याखाली मग मोजणं सोडून द्यायचं आणि कागदाकडे बघायचं: ताठ आहे, की रुमालासारखा लिबलिबीत झालाय? तुमची व्हीजी १० मी न पाहताही सांगते, धरली की खाली लोंबेल.

ईपीक्यू म्हणजे कागद मूळचा आहे, धुतला-दाबला-दुरुस्त केलेला नाही. ६५ आणि त्यापुढे ती खूण असावीच लागते. ६४ पर्यंत ती नसेल तर विचारा का नाही.

एक बारकावा पुस्तकात फारसा सापडत नाही, तो आम्हा खिडकीवाल्यांना ठाऊक. कोऱ्या नोटेच्या एखाद्या कोपऱ्यात छोट्या, तिरक्या, पंख्यासारख्या चुण्या दिसतात. ती पाकिटातली घडी नव्हे. कॅशियरनं गठ्ठा मोजताना अंगठ्यानं कोपरा मागे सारला, त्याची खूण. मोजणारा पुरेसा हलक्या हाताचा असेल तर राहत नाही. बरेचसे नसतात. अशा चुण्यांमुळे छान ६४ची ५८ होते.

आता कुठली घ्यायची. मी आयोवाची घेईन, डोळे मिटून. शिकागोची ६४ पुढच्या महिन्यात पुन्हा मिळेल, त्याच्या पुढच्या महिन्यातही. आयोवाची मात्र किती नोंदल्या आहेत ते पाहा. सात-आठच असतील तर फाटेकडे दुर्लक्ष. पंचवीस-तीस असतील आणि त्यातल्या दहा व्हीएफ असतील तर थांबा, बरी सापडेल. आणि लेबलवर १० लिहिलंय म्हणून निराश होऊ नका. नॅशनल या वापरायच्याच नोटा होत्या, गावात किराणा आणि बी-बियाणं आणायला निघालेल्या. नोंदींत बहुतेक एफ आणि व्हीएफच दिसतात. ॲरिझोना राज्य होण्याआधीच्या, म्हणजे १९१२ पूर्वीच्या, किंवा अलास्कातल्या जुनोच्या बँकेच्या नोटा मळक्या अवस्थेत विकल्या जातात आणि कुणी नाक मुरडत नाही.

३० आणि ३५ मधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मात्र मी कधी मोजत नाही. तीच नोट प्लास्टिकमधून काढून पुन्हा ग्रेडिंगला पाठवली तर एखाद्यानं ३०ची ३५ करून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. हे माझं मत, माझ्याशी भांडणारे मित्र आहेत.

दोन डॉलरच्या नोटा नॅशनलमध्ये आहेत का? कुणीतरी ‘आडव्या दोनची’ म्हणालं.

आहेत. दोनचा आकडा झोपल्यासारखा आडवा छापलाय, म्हणून नाव ‘लेझी ड्यूस’. एक आणि दोनच्या नॅशनल १८७९ नंतर काढायला बंदी झाली, त्यामुळे ज्या आहेत त्या त्याआधीच्याच. कुणी स्वस्तात देत असेल तर नोट दूर ठेवा आणि आधी चश्मा पुसा.

वीस डॉलरची १९२९ची नॅशनल सापडली. ती अजून चलनात आहे का? बँकेत भरता येईल? आम्हाला संग्रह वगैरे करायचा नाही, नसती कटकट.

चलनात आहे. १८६१ पासूनच्या अमेरिकन नोटा आजही दर्शनी किमतीला चालतात. तुम्ही बँकेत द्याल, टेलर बघेल, वीस लिहील, आणि नोट फेडरल रिझर्व्हकडे जाऊन फाटून नष्ट होईल. भरू नका एवढंच सांगते. विकायची नसेल तरी मायलारमध्ये ठेवा, पुढे कुणाला तरी हवी असेल.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगते, त्यालाही कारण आहे. १९९१ साली एक म्हातारा शेतकरी माझ्या खिडकीवर आला. आई वारली होती, तिच्या पिठाच्या डब्यातले पैसे भरायचे होते. पाकिटात बऱ्याच दहाच्या, पाचच्या आणि एक वीसची, तपकिरी शिक्क्याची. नाव वाचलं तर आमच्याच गावची, १९३०च्या दशकात बंद पडलेली बँक. मला तेव्हा संग्रहातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण असं काही दिसलेलं नव्हतं. म्हटलं, ही आज भरू नका, कुणाला तरी दाखवा. त्यानं हात झटकला. वीस म्हणजे वीसच ना? माझ्या मागे उभी असलेली सुपरवायझर तोंडात पुटपुटली की गिऱ्हाईकांना अडवायचं नसतं. मी त्यालाच विचारलं, तुमची हरकत नसेल तर मी माझ्या पर्समधली वीसची ड्रॉवरमध्ये टाकते आणि ही ठेवते. तो म्हणाला, ‘खुशाल.’ सुपरवायझरनं नोंदवहीत लिहून घेतलं, चिडूनच.

ती माझी पहिली नॅशनल. पुढे ग्रेडिंगला पाठवली, घडी एकही नाही. ५५ आला. मागच्या बाजूला शेरा नाही, पण खिडकीशी नेऊन कलवली तर उजव्या वरच्या कोपऱ्यात पंख्यासारख्या तीन चुण्या दिसतात. त्या दिवशी त्याचं पाकीट दोनदा मोजलं होतं, आणि सव्वीस वर्षांत माझा अंगठा कधी हलका झाला नाही.